झाकणाच्या फटीतला उजेड

४ फेब्रुवारी

आत्याबाई,

नमस्कार. फोनवर माणसं नुसती "बरंय, बरंय" म्हणतात आणि खरं काय ते पत्रात लिहितात, हा तुझा कायदा मला तोंडपाठ आहे. म्हणून एवढी मोठी बातमी फोनवर न देता पोटात दाबून ठेवली. आमचा गेम बाजारात आला!

तू उघडून बघणार, हे मी धरूनच चालले आहे, म्हणून आधीच समजावून सांगते. गेममध्ये एक प्रवासी असतो. तो डोंगर ओलांडत राहतो आणि वाटेत त्याला पेट्या मिळतात. काही फुकट, काही पैसे देऊन घ्यायच्या. आत टोपी आहे, झगा आहे की घोड्याचं खोगीर, हे उघडेपर्यंत कळत नाही. या पेट्यांची झाकणं सगळी माझी. वरचं साधं झाकण सगळ्या पेट्यांना सारखंच, ते उघडलं की आतलं झाकण पत्र्याचं, चांदीचं की सोन्याचं ते दिसतं. सोन्याच्या झाकणावर पक्ष्यांचा थवा कोरलाय आणि झाकण उघडलं की ते पक्षी सुटे होऊन उडतात. अख्खा हिवाळा त्या थव्यात गेला. कोरताना सारखी तुझी आठवण यायची. तू काम करतेस त्या दातांच्या लॅबमधल्या उंच स्टुलावर बसवून तू मला मेणाची दाढ कोरायला शिकवलीस, तिथूनच हे सगळं सुरू झालं ना.

सोन्याचं झाकण फार क्वचित निघतं, योजनाच तशी आहे. निघालं तर लगेच कळव. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम आहे ते.

तुझी,
भिंगरी

१९ फेब्रुवारी

भिंगरे,

खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी तुझा गेम माझ्या फोनवर घालून दिला. म्हणाल्या, "हे काय आता या वयात?" मी म्हटलं, भाचीचं काम बघायला कसलं आलंय वय!

तुझा प्रवासी चालतो कंबर धरल्यासारखा, ते मात्र बघ जरा. पण पेटी! पत्र्याच्या झाकणावर तू गंज चढवलायस ना, तो इतका खरा वाटला की मी बोट पदराला पुसलं. लॅबमध्ये सगळ्यांना दाखवलं. आमच्या मालकांनी तर भिंग लावून बघितलं. हा माणूस कुणाचं कौतुक करत नाही. वीस वर्षं मी याच्यासाठी कवळ्या करतेय, माझ्या उत्तमातल्या उत्तम सुळ्यालाही "चालेल" म्हणतो. तो म्हणाला, "पोरीचा हात चांगला आहे." मी दिवसभर हवेत. त्या नादात एका कवळीला दोन्ही बाजूंना डावेच सुळे बसवले! मालकांनी ती नुसती माझ्यासमोर धरली, तेच जास्त लागलं.

फुकटच्या पेट्या संपल्या. सोनं काही निघालं नाही. तुझं सगळ्यात चांगलं काम न बघता मी कसली आत्या? म्हणून थोड्या विकत घेतल्या. रागावू नकोस, एखाद्या नाटकाला गेले असते तर तेवढे पैसे गेलेच असते.

तुझी आत्या

६ मार्च

आत्या,

तुझं पत्र मी ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवलं. दोन डाव्या सुळ्यांपाशी सगळे पोट धरून हसले. आता इथे तुझे चाहते आहेत, सांगून ठेवते.

तुला एक गुपित सांगू? झाकण एकदम उघडत नाही, अर्ध्यात येऊन थबकतं, बघितलंस ना? ती कल्पना माझी. बघणाऱ्याचा श्वास तिथे अडकतो. साहेबांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं आणि त्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मी लाजून बुटांकडे बघत राहिले, पण आतून उड्या मारत होते.

मे महिन्यात तू माझ्याकडे येतेयस, हे नक्की. आणि जिच्यासाठी पैसे साठवतेयस ती तुझी भट्टी कधी येतेय? इतकी वर्षं दुसऱ्याच्या भट्टीत दात भाजलेस, आता स्वतःच्या लॅबमध्ये भाज. दारावरची पाटी मी रंगवणार, पैसे घेणार नाही, जेवण घेईन.

तुझी,
भिंगरी

२० एप्रिल

भिंगरे,

उत्तराला उशीर झाला. लॅबमध्ये नाकी नऊ आलेत, मेमध्ये येणं काही जमेल असं दिसत नाही. तू वाईट वाटून घेऊ नकोस.

सोन्याचं झाकण आता अगदी जवळ आलंय. गेल्या आठवड्यात कितीदा तरी फटीतून पिवळा उजेड दिसला. झाकण थबकतं, आत सोनं चमकतं, मी श्वास रोखते, आणि शेवटच्या क्षणी पत्रा. थोडक्यात हुकतं गं! तुझ्या वाढदिवसाला मुद्दाम सकाळी अंघोळ करून उघडायला बसले. म्हटलं, आज तरी माझ्या पोरीचं सोनं मला दिसेल. त्या दिवशी तर उजेड इतका होता की मी नर्सबाईंना हाक मारली. त्या जिना चढून येईपर्यंत पुन्हा पत्रा.

तुला आतलं माहीत असेल म्हणून विचारते. सकाळी उघडलेली बरी की दुपारी? एकामागून एक उघडाव्यात की मध्ये थांबून? मला वाटतं, थांबून उघडली की उजेड जास्त येतो.

भट्टीचं आता पुढच्या वर्षी बघू. घाई काय आहे!

तुझी आत्या

२७ एप्रिल

आत्या,

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. "भट्टीचं पुढच्या वर्षी" ही ओळ तर बोट ठेवून वाचली. आता लिहिते ते नीट वाच आणि मग मला काय बोलायचं ते बोल.

तो उजेड सगळ्या पेट्यांत असतो. आत पत्रा असला तरी असतो. तू पैसे दिलेस त्या क्षणीच आत काय आहे ते ठरलेलं असतं. थबकणं आणि उजेड हे त्याच्यानंतरचं नाटक आहे. बघणाऱ्याला वाटावं की थोडक्यात हुकलं, म्हणून. रडणाऱ्या बाळासमोर खुळखुळा धरून मागे घेतात, तसं ते आहे, आणि खुळखुळा धरणारी मी आहे. तू सोन्याच्या जवळ कधीच नव्हतीस, आत्या. लांबही नव्हतीस. सकाळ-दुपारचा काही संबंध नाही, माझ्या वाढदिवसाचा तर नाहीच नाही.

मला खरंच वाटत होतं की मी लोकांना गंमत देतेय. पलीकडे तू अंघोळ करून बसली असशील, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

तुझ्या फोनवर मी सोन्याचं झाकण पाठवलंय, माझ्याकडचं मूळचं. हवं तितक्या वेळा बघ, पैसे न देता. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. आता पेटी घ्यायचं काही कारण उरलं नाही ना? मला लिही. आणि किती घेतल्यास तेही लिही.

तुझी,
भिंगरी

९ मे

भिंगरे,

बघितलं! काय गं हे केलंस! पक्षी आधी मान वळवतात आणि मग उडतात, ते मान वळवणं बघून मला रडूच आलं. शेवटचा एक पक्षी मागे राहतो आणि घाबरत घाबरत उडतो, तो तर हुबेहूब तू, शाळेच्या पहिल्या दिवशीची. मालकांना दाखवलं. ते "चालेल" म्हणाले नाहीत. पुन्हा दाखवा म्हणाले.

तेव्हा प्रश्न मिटला. गेम बंद केला. तू उगाच जिवाला लावून घेऊ नकोस. घाईत आहे, कवळ्या पडल्यात.

तुझी आत्या

१८ जून

भिंगरे,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही. आज देते, बसून देते.

मागच्या पत्रात पक्ष्यांबद्दल लिहिलं ते सगळं खरं. गेम बंद केला, हे खोटं. ते पत्र टपालात टाकलं, लॅबमध्ये परत आले आणि जेवणाच्या सुट्टीत एक पेटी विकत घेतली. दुसऱ्या दिवशी आणखी. डबा उघडायच्या आधी फोन उघडायचा, असं चाललं होतं.

मग मीच मला विचारलं, बाई, झाकण तर तू बघितलंस, घरबसल्या, फुकट. उजेड खोटा आहे हेही तुला भाचीनं लिहून कळवलंय. मग आता काय शोधतेयस? उत्तर सापडायला बरेच दिवस लागले. मला झाकण नको होतं. मला ते थबकणं हवं होतं. तेवढा वेळ कवळ्या नाहीत, मालक नाही, रिकामं घर नाही, काही नाही. पेटी उघडली की वाईट वाटायचं, ते सोनं नाही म्हणून नव्हे, संपलं म्हणून. मग दुसरी घ्यायची.

भट्टीचे पैसे गेले. किती ते विचारू नकोस.

नर्सबाईंना जिन्यातच सांगितलं. त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर बँकेत आल्या, फोनवरून पैसे जायची सोय बंद करून घेतली. आणि मग मला एका ठिकाणी घेऊन गेल्या. वाचनालयाच्या वरच्या खोलीत आठवड्यातून एकदा काही माणसं जमतात. जुगारातून बाहेर पडलेली, पडू बघणारी. माझी पाळी आली तेव्हा मी ताठ बसून म्हटलं, "मी काही जुगारी नाही. मी फक्त पेट्या उघडते." समोर एक बसचालक होता, चांगला दांडगा माणूस. तो अगदी हळू म्हणाला, "ताई, मीसुद्धा फक्त लॉटरीची तिकिटं खरवडायचो." कुणी हसलं नाही. मी आधी रडले, मग त्यांनी दिलेलं बिस्कीट खाल्लं.

नंतर त्यानं मला विचारलं, शेवटचा आकडा खरवडताना हात सावकाश होतो, तसं तुमच्यात काही आहे का? मी म्हटलं, आहे, माझ्या भाचीनं केलंय.

तुझा राग आला का? आला. अख्खा दिवस आला. कवळ्या घासता घासता तुला जे जे बोलले ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. मग ओसरला. कारण काम चांगलंच आहे, भिंगरे. वाईट केलं असतंस तर मी अडकले नसते. याचं काय करायचं ते मला कळत नाही, तुला कळलं तर सांग.

धावत येऊ नकोस आणि पैसे पाठवू नकोस. पाठवलेस तर परत करीन. किंवा परत करणार नाही, ते जास्त वाईट.

तुझी आत्या

२ जुलै

आत्या,

तुझं पत्र घेऊन मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले. लहानपणी मला तू जगातली सगळ्यात धीट बाई वाटायचीस, कारण तू माणसांचे दात हातात घेऊन हसत बोलायचीस. धीट म्हणजे काय, ते मला आत्ता कळतंय. "हे खोटं" असं स्वतःच्या हातानं लिहायचं, तेही कुणी पकडलेलं नसताना! माझ्या ओळखीत दुसरं कुणी नाही असं.

जी माणसं सगळ्यात जास्त पेट्या घेतात त्यांना आमच्याकडे "देवमासे" म्हणतात. सगळे म्हणतात, मीही म्हणायचे. "आज एक मोठा देवमासा आलाय" म्हणून कॉफी पिताना हसायचो आम्ही. आमचा पगार बराचसा त्यांच्यावरच निघतो. पडद्यावर त्यांची नावं नसतात, नुसते ठिपके असतात. त्यात एक ठिपका माझी आत्या होती आणि मी कॉफी पीत होते.

आता एक वाईट गोष्ट सांगायची आहे. जी माणसं खेळायचं सोडतात त्यांना काही महिन्यांनी एक पेटी भेट म्हणून जाते. फुकट. तिच्यात सोनं असतंच, नक्की असतं, आणि तिचं थबकणं सगळ्यात लांब आहे. ती पेटीही मीच केली. तेव्हा मला इतकंच सांगितलं होतं की परतून येणाऱ्या पाहुण्यांच्या स्वागतासाठी आहे. तुला ती पाठवू नका म्हणून मी पेट्या पाठवणाऱ्या विभागात सांगून आले. उत्तर मिळालं की कुणाला पाठवायची ते यंत्र ठरवतं, माणसाला त्यात हात घालता येत नाही. म्हणजे ती तुला येणार. सप्टेंबरात कधीतरी येणार.

आत्या, पाया पडते, त्याच्या आधी गेम फोनमधून काढून टाक.

तुझी,
भिंगरी

२५ सप्टेंबर

भिंगरे,

गेम काढला नव्हता. तू लिहिलंस, नर्सबाई ओरडल्या, बसचालकानं हात जोडले, तरी नाही काढला. म्हणशील, आत्या हट्टी आहे. आहेच. पण माझं म्हणणं ऐक. काढून टाकला असता तर ती पेटी आलीच नसती, आणि मग मी जन्मभर मनात घोळवत बसले असते, आली असती तर मी काय केलं असतं? तो विचार मला पेटीपेक्षा महाग पडला असता. दुसऱ्या कुणाला मी असं करायला सांगणार नाही. बसचालकाला तर मुळीच सांगू नये, असं त्यानंच मला सांगितलं.

मंगळवारी दुपारी आली. मी कवळ्यांना चकाकी देत होते, हात पांढरे झालेले. फोन टेबलावर वाजला. "तुमची फार आठवण येते." खाली पेटी, आणि फटीतून उजेड नुसता सांडत होता. मालक मागून वाकून म्हणाले, "अहो, ही तर सोन्याचीच दिसतेय! उघडा की, फुकट आहे!" या माणसानं वीस वर्षांत मला कुठल्याही गोष्टीसाठी इतका आग्रह केलेला नाही.

मी उठून हात धुतले. साबण लावून, नखं घासून, जितका वेळ लावता येईल तितका लावला. मग खुर्चीत बसून पेटीकडे बघितलं. हो, बघितलं, त्यात काय चोरी आहे? काठानं वेल फिरवलायस, त्याची पानं वळणावर लहान लहान होत जातात. कुलपाच्या भोवती बोटं लागून लागून झिजल्यासारखी चमक आहे. ते बघताना माझं बोट आपोआप पुढे जात होतं. हे तुला खरं तेच सांगते. मला ती उघडायची होती. फार उघडायची होती.

उघडली नाही. गेम काढून टाकला. काढताना ते विचारतात, तुमची खात्री आहे का? मी मोठ्यानं म्हटलं, "आहे." मालकांना वाटलं त्यांनाच उत्तर दिलं, ते आपले मुकाट्यानं जागेवर जाऊन बसले.

मग मात्र कामात लक्ष लागेना. संध्याकाळपर्यंत एक दात धड लागला नाही. संध्याकाळी वाचनालयाच्या खोलीत जाऊन सांगितलं. बसचालक उठून माझ्यासाठी चहा घेऊन आला. घरी चालत आले. जिना चढताना माझं मलाच इतकं कौतुक वाटलं की नर्सबाईंच्या दाराशी थांबून पुन्हा एकदा सगळं सांगितलं. त्यांना ते मी दुपारीच फोनवर सांगितलं होतं, तरी त्यांनी ऐकलं.

तुझी आत्या

१० ऑक्टोबर

आत्या,

काल आमच्याकडे भेटपेटीचा हिशेब मांडायची बैठक होती. भिंतीवर मोठा तक्ता लावला होता. सोडून गेलेल्यांपैकी किती जण परत आले, त्याचा उंच हिरवा खांब. जवळजवळ सगळ्यांनीच पेटी उघडली होती. खूप टाळ्या झाल्या. त्या खांबाच्या पायाशी एक करड्या रंगाची बारीक पट्टी होती, इतकी बारीक की मागच्या रांगेतून दिसली नसती.

साहेबांनी त्या पट्टीवर काठी ठेवली. म्हणाले, "ही माणसं मात्र आपण गमावली. पुढची पेटी यांच्यासाठी अजून गोड करावी लागेल." आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण पेट्या मी करते.

मी उभी राहिले. म्हटलं, "त्या पट्टीत माझी आत्या आहे."

साहेबांनी काठी खाली घेतली. ते मुळात वाईट माणूस नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "अरेरे. काय झालं त्यांना?" त्यांना वाटलं तू वारलीस, आत्या!

मी म्हटलं, "काही झालेलं नाही. ती ठणठणीत आहे. सोनं समोर ठेवलं होतं, तिला ते हवं होतं, आणि तिनं ते उघडलं नाही." मग सगळंच सांगितलं. उजेडाचं सांगितलं, अंघोळ करून बसायचीस ते सांगितलं, भट्टीचं सांगितलं. तुला न विचारता सांगितलं, त्याबद्दल हवं तेवढं बोल. शेवटी म्हटलं की ही पट्टी रुंद करायची असेल तर मी रात्रंदिवस काम करीन, पण ती पुसायला यापुढे एकही झाकण करणार नाही. शेवटपर्यंत बोलले.

माझी जागा राहील की नाही ते पुढच्या आठवड्यात कळेल. बाहेर आले तेव्हा थबकण्याचं गणित लिहिणारा मुलगा माझ्या मागोमाग आला. आमच्याकडचा सगळ्यात हुशार माणूस आहे तो. त्यानं एवढंच विचारलं, "तुझी आत्या हे कसं करू शकली?" मी म्हटलं, मला माहीत नाही, विचारून सांगते.

शनिवारी येतेय. स्टुलावर एक जागा ठेव. काम असलं तर दे, नसलं तर नुसती शेजारी बसेन. इतके महिने तू माझं काम बघत होतीस, आता मला तुला बघायचंय.

तुझी,
भिंगरी